व्यवसाय : शेती

मी निघाले त्या दिवशी आप्पा स्टेशनवर आले नाहीत. वळसंग गाव सोडून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की एक पडीक माळ लागतो, तिथं आमची मेंढरं चरत होती. जीप तिथंच थांबवायची असं आदल्या दिवशी ठरलं होतं. आप्पा कळपातून वाट काढत आले, काठी काखेत धरली आणि खिडकीतून हात आत घालून माझ्या डोक्यावर ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. हात खाली घेताना त्यांचा डावा अंगठा माझ्या डोळ्यांसमोरून गेला. त्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे. लहानपणी लोकर कातरताना कातर नखाच्या मुळाशी लागली, तेव्हापासून ते दोन फाकांत वाढतं. मी नुकतीच त्वचारोगाची परीक्षा पास झाले होते, त्यामुळे रडायचं सोडून त्या नखाकडे बघत बसले. मुळाला इजा झाली की नख असंच वाढतं, हे मी पेपरात लिहिलं होतं.

अव्वा मात्र स्टेशनपर्यंत बोलत होती. आम्ही आईला अव्वा म्हणतो, कानडी मुलूख जवळ असल्यामुळे आमच्या घरात दोन्ही भाषांची खिचडी असते. भाकरी कुठल्या पिशवीत, शेंगाची चटणी कुठल्या डब्यात, हे तिने चार वेळा सांगितलं. "लई थंडी आसती म्हणं तितं. घोंगडी ने की," हेही सांगितलं. घरच्या लोकरीची काळी घोंगडी तिने घडी घालून जीपमध्ये ठेवली होती. सामानाचं वजन जास्त होईल म्हणून मी ती परत पाठवली. खरं कारण वजन नव्हतं.

त्याला अकरा वर्षं झाली. मी इंग्लंडच्या उत्तरेला एका डोंगराळ भागात राहते आणि तिथल्या दवाखान्यात कातडीची डॉक्टर आहे. खिडकीतून टेकड्या दिसतात आणि टेकड्यांवर मेंढरं. कुठून निघाले आणि कुठं येऊन पडले, याचं मलाच कधी कधी हसू येतं. माणसं चांगली आहेत, तक्रार काही नाही. शुक्रवारी निघताना सगळ्यांना 'सोमवारी भेटू' म्हणते, आणि पुष्कळदा सोमवारपर्यंत तेच माझं शेवटचं वाक्य असतं. दुकानात आता यंत्रासमोर उभं राहून आपलं आपणच सामान दाखवायचं असतं, त्यामुळे तिथंही दोन शब्द बोलायची सोय राहिली नाही. लग्न केलं नाही. कारण विचारू नका, अव्वा विचारते तेवढं पुरे आहे.

घरी फोन रविवारी. आधी अव्वा, मग धाकटा भाऊ मल्लू, मग आप्पा. आप्पांचं बोलणं ठरलेलं असायचं: जेवलीस का, थंडी हाय का, बरं ठेवतो. फोन त्यांच्या हातात गेला की आधी चालण्याचा आवाज यायचा. थोडा वेळ ते चालतच राहायचे. मग सगळं शांत, नुसता वारा, आणि मग त्यांचं बोलणं. मेंढरांचा आवाज कधी यायचा नाही. मला वाटायचं, वयामुळे कळप कमी केला असेल. विचारलं मात्र कधी नाही.

मला माणसात ठेवलं ते एका ग्रुपने. सोलापूर, लातूर, विजापूर, कलबुर्गी या पट्ट्यातले कातडीचे डॉक्टर त्यात आहेत, आणि माझ्यासारखे बाहेर गेलेले काहीजण. अडलेली केस फोटोसकट टाकायची, बाकीच्यांनी आपापलं मत द्यायचं. ग्रुप चालवतात कुलकर्णी सर. आमच्यातल्या निम्म्यांना त्यांनीच शिकवलंय आणि नियमांना ते भलतेच कडक आहेत. पेशंटचं नाव नको, चेहरा नको, गावाऐवजी तालुका लिहा. शुभ सकाळ नको, वाढदिवस नको. कोणी 'मुलगी दहावीला पहिली आली' असं हौसेने टाकलं तर दोन मिनिटांत ते पुसलेलं असतं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की हिस्ट्रीवर वाद घालायचा नाही. समोर बसलेल्या डॉक्टरने पेशंटला विचारलं आणि पेशंट नाही म्हणाला, की विषय संपला. हजारो मैलांवर फोटो बघत बसलेल्याने त्यावर शंका काढायची नाही. या नियमामुळेच आम्ही अजून एकमेकांशी बोलतो, असं सर म्हणतात. अहंकार आमच्यात काही कमी नाही, त्यामुळे ते खरंच असावं.

मी तिथं ज्ञानासाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. त्यात तथ्य आहे, पण निम्मंच. इंग्रजीत चाललेल्या गंभीर चर्चेत कोणीतरी मधेच 'जेवून येतो, मग बघतो' असं लिहितं, ती ओळ मी दोनदा वाचते. आणि ते फोटो. बिडी वळून वळून टोकं गुळगुळीत झालेली बोटं. चादरींच्या कारखान्यात रंगाने उतलेले हात. टिकलीच्या गोंदाने पांढरा पडलेला कपाळावरचा गोल. माझं सोलापूर मला आता असं इंच-दोन इंच कातडीतून दिसतं. फोटो मोठा करून मी रोगाच्या मागचं बघते: हिरव्या बांगड्या, स्टीलचा तांब्या, खिडकीतला उन्हाचा पट्टा. एकदा एका पायाच्या फोटोत फरशीवर कडब्याच्या दोन काड्या पडलेल्या दिसल्या. त्या पायाबद्दल मी काय मत दिलं ते आता आठवत नाही, काड्या आठवतात.

आता थोडं कामाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेंढरांच्या तोंडाला एक रोग होतो, आपल्याकडे त्याला मावा म्हणतात. आजारी कोकराच्या तोंडात औषध घालताना तो माणसाच्या बोटाला लागतो आणि लाल-निळी, ओलसर गाठ उठते. दिसायला भयंकर, पण दीड-दोन महिन्यांत आपली आपण जाते. माहीत नसेल तर कॅन्सर वाटावा अशी दिसते, आणि तसं समजून कापलं तर चांगलं बोट उगाच जातं. इथं माझ्याकडे वसंतात असे शेतकरी बरेच येतात. त्यांचं निदान करायला डॉक्टर लागत नाही. दारातूनच सांगतात, माझी इतकी मेंढरं आहेत, अंगाला वास येत असेल तर माफ करा. हे म्हणताना चेहऱ्यावर माफी कुठंच नसते. शेणामातीच्या बुटांसकट ते माझ्या समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसतात. मला त्यांचा हेवा वाटत आलाय.

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना आप्पा होस्टेलवर आले होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात तुपाचा डबा. कळप मल्लूच्या हवाली करून ते तसेच एसटीत बसले होते. फाटकापाशी माझ्या खोलीतल्या दोघी उभ्या होत्या. एकीने ओढणी नाकाला लावली. तिला तरी काय बोल लावू, वास येतच होता. तो वास अठरा वर्षं माझ्याही अंगाला होता आणि मला कधी जाणवला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा जाणवला. मी आप्पांना बाजूला लिंबाखाली नेलं.

"आप्पा, हितं कुनी इचारलं तर शेती म्हणा. मेंढरांचं नाव काडू नका."

"बरं," आप्पा म्हणाले.

तसं ते खोटंही नव्हतं. पाच एकर कोरडवाहू जमीन आहे आमची, ज्वारी आणि तूर होते. मी स्वतःसुद्धा प्रत्येक फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय : शेती' असंच लिहीत होते. पुढच्या खेपेला आप्पा धुतलेलं धोतर नेसून, पांढरी टोपी घालून आले. घोंगडी नव्हती. अंगाला साबणाचा वास येत होता. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटायला पुढे पुष्कळ वर्षं जावी लागली. मी कोणत्याच मैत्रिणीला कधी घरी नेलं नाही. एमडीला असताना तीन वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत राहिलेल्या शबानालाही नाही.

ही शबाना आता आमच्याच कॉलेजच्या दवाखान्यात शिकवते आणि ग्रुपवर असते. गेल्या मार्चमध्ये तिने एक केस टाकली. माझी जेवणाची सुट्टी होती. मी गाडीत बसून सँडविच खात होते, कारण कॅन्टीनमध्ये एकटं बसण्यापेक्षा गाडीत एकटं बसणं बरं वाटतं. सोलापुरात संध्याकाळ झाली होती. केस अशी होती: पुरुष, वय चौसष्ट, दक्षिण सोलापूर तालुका, व्यवसाय शेती. डाव्या तर्जनीच्या टोकावर पाच आठवड्यांपासून गाठ, वाढत चाललेली. तुकडा तपासला, त्यात कॅन्सर असू शकतो पण खात्री नाही. सर्जनच्या मते बोटाचं टोक काढून टाकावं. शस्त्रक्रिया उद्या सकाळी. मतं द्या.

सोबत नुसत्या गाठीचा जवळून घेतलेला फोटो. मी बघताक्षणी लिहिलं, मेंढ्या-शेळ्यांशी संपर्क आहे का? शबानाचं उत्तर लगेच आलं. दोनदा विचारलंय, नाही म्हणतात, फक्त शेती, ज्वारी आणि तूर. मग दोघा-तिघांनी वेगवेगळी नावं सुचवली. कुलकर्णी सरांनी मला मुद्दाम विचारलं, कारण मावा सगळ्यात जास्त मी बघितलेला आहे. मी लिहिलं, संपर्क नसेल तर मावा नाही. टोक काढायला माझी हरकत नाही.

चारजणांनी अंगठा वर करून दुजोरा दिला. मी उरलेलं सँडविच खायला लागले. तालुका वाचून मला कोणाची आठवण झाली नाही. आमच्या तालुक्यात चौसष्ट वर्षांचे शेतकरी काय एक आहेत? आणि माझे आप्पा शेतकरी नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

थोड्या वेळाने शबानाने दुसरा फोटो टाकला, कुठून कापायचं ते दाखवण्यासाठी. हिरव्या कापडावर ठेवलेला अख्खा पंजा होता. सवयीने मी फोटो मोठा करून मागे काय दिसतंय ते बघितलं. काहीच नव्हतं, सगळीकडे हिरवं कापड. मग फोटो सरकवताना अंगठा समोर आला. नख मधोमध चिरलेलं, दोन फाकांत वाढलेलं.

मी घाबरले. आजवर इतकी कधीच घाबरले नव्हते. हजारो मैलांवर बसून मी माझ्या बापाचं बोट कापायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं, आणि वर चारजणांची मान्यता मिळवली होती.

तिसऱ्यांदा लावल्यावर मल्लूने फोन उचलला. तो आणि आप्पा सोलापुरात मावशीच्या घरी मुक्कामाला आले होते. मी भांडायला सुरुवात केली तसा तो म्हणाला की आप्पांनीच बजावलं होतं, तिला कळवू नको, तितं एकटीच रडत बसंल. मी म्हणाले, आप्पांकडे दे. फोन त्यांच्या हातात गेला. चालण्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आवाज आला. मावशीच्या त्या लहानशा घरातूनही ते बाहेर येऊन बोलायला उभे राहिले.

मी विचारलं, औंदा कोकरांना मावा आलाय का?

"आलाय की. धा-बारा कोकरांस्नी."

"औषध कोण घालतंय?"

"मीच. दुसरं कोन घालनार?"

"मग डाक्टरीणबाईनं मेंढरांचं इचारलं तवा न्हाय का म्हणलात, आप्पा?"

मागून रिक्षा गेली.

"तू शिकली त्योच दवाखाना हाय," ते म्हणाले. "तुज्या वळकीची मानसं तितं. तूच म्हणली व्हतीस की, हितं मेंढरांचं नाव काडू नका."

वीस वर्षं होऊन गेली होती त्याला. मी ते एकदाच म्हणाले होते, लिंबाखाली, घाईघाईत. बोटाला मावाच आहे असं त्यांना आधी वाटलं होतं, हेही त्यांनी मग सांगितलं. पण तो इतका वाढत नाही, आणि एवढे शिकलेले लोक कॅन्सर म्हणतायत तर तसंच असेल, असं त्यांनी मानलं. मी म्हणाले, आप्पा, उद्या बोट कापणार होते. एका बोटानं काय व्हतंय, बाकीची हायत की, असं ते म्हणाले. मला समजावायच्या सुरात म्हणाले. त्यावर मला रडू आलं. आवाज दाबायचा प्रयत्न केला, पण त्यांना कळलंच असणार. कारण मग त्यांनी हळूच विचारलं,

"मंग आता सांगू का? बाईनं परत इचारलं तर सांगू का मेंढरांचं?"

चौसष्ट वर्षांचा माणूस. पायाखाली तीन जिल्ह्यांची माती घातलेला, कळप घेऊन चार-चार महिने उघड्यावर राहिलेला. तो मला आपलंच काम सांगायची परवानगी मागत होता. मी कसंबसं 'सांगा' म्हणाले.

शबानाचा फोन लागेना, ती ओपीडीत असणार. म्हणून मी ग्रुपवरच लिहिलं. हिस्ट्री दुरुस्त करा. व्यवसाय मेंढपाळ. कळपात मावा आहे, कोकरांना पेशंट स्वतः औषध पाजतो. माझं आधीचं मत मागे घेते, शस्त्रक्रिया थांबवा. लगेच एकाने नियमाची आठवण करून दिली. पेशंट नाही म्हणालाय, तुला तिथं बसून कसं कळलं? मी मराठीत लिहिलं, 'पेशंट माझे वडील आहेत. मेंढरांचं सांगू नका, असं त्यांना मीच सांगितलं होतं.'

त्यानंतर ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. माझा पुढचा पेशंट येऊन बसला होता, नर्स गाडीपाशी येऊन काच वाजवत होती. मी फोनकडे बघत होते. हा मजकूर नियमात बसत नाही, सर दोन मिनिटांत पुसतील, याची मी वाट बघत होते. सरांनी तो पुसला नाही. तो अजून तिथं आहे.

शस्त्रक्रिया थांबली. नव्याने नमुना घेतला, तो माव्याचाच निघाला, आणि महिनाभरात गाठ झडून गेली. बोटावर आता फिकट डाग तेवढा आहे. दुसऱ्या दिवशी शबानाने आप्पांना परत विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि सांगायला लागले ते थांबेचनात. एकशे दहा मेंढरं, चार शेळ्या, दोन कुत्री. कोणती मेंढी कुठल्या वर्षी कुठं व्यायली, कोणती कोणाची नात. बाहेर पेशंटची रांग आणि हे वीस मिनिटं कळपाची वंशावळ सांगतायत, असं ती मला हसत हसत म्हणाली. मग हसणं थांबलं. चिडली की ती तिच्या घरच्या बोलीत बोलते, तशी म्हणाली, "इत्ते साल साथ रहे, कभी बोली नै तू."

हे सगळं मी कोणाला लिहितेय? ग्रुपवरच्या मंडळींना, ज्यांनी त्या दिवशी नंतर काही विचारलं नाही. माझ्यासारखं घर सोडून लांब गेलेल्यांना, ज्यांनी आपापल्या फॉर्मवर काय काय लिहिलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. आणि मल्लू, तुला. अव्वाला वाचून दाखव. लिंबाखालचं तिला माहीत नाही, तेही वाच, गाळू नको.

अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की मी घर सोडून आले. मी घराला गप्प बसायला सांगून आले होते, आणि ते बिचारं गप्प बसलं. इथला एकटेपणा इथल्या थंडीचा, परक्या माणसांचा, असं मी धरून चालले होते. त्यातला बराचसा मीच सोबत आणला होता. तो आता गेला असंही नाही. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत तोंड मिटलेलंच असतं. ग्रुपवरच्या फोटोंच्या मागे मी अजून काड्या शोधते. फक्त परवा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं की तुला मेंढरांतलं एवढं कसं कळतं, तेव्हा मी म्हणाले, माझे वडील मेंढपाळ आहेत. किती आहेत, त्याने विचारलं. मी आकडा सांगितला. तो कौतुकाने मान हलवत बसला आणि मग आम्ही माझ्या पुढच्या पेशंटचा वेळ खाऊन बोलत राहिलो. घोंगडी मी अव्वाला पोस्टाने पाठवायला सांगितली आहे.

गेल्या रविवारी फोन आप्पांकडे गेला तेव्हा चालण्याचा आवाज आला नाही. ते होते तिथंच उभे राहिले, कळपात. कोकरं अशी ओरडत होती की त्यांचं एक अक्षर मला कळेना. जेवलीस का, एवढंच असणार, तरी मी तीनदा विचारलं, काय म्हणालात.

"थांब," आप्पा ओरडून म्हणाले, "जरा बाजूला जातो."

"नगा जाऊ," मी म्हणाले.

ते गेले नाहीत. मी फोन ओट्यावर ठेवला, आवाज मोठा केला आणि भात लावला. बराच वेळ घरात नुसती मेंढरं ओरडत होती.